उणे एक माणूस

नलूताई टेंभरेंना भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या दुकानात त्यांची ओळख याच एका गोष्टीनं करून दिली जायची. नवा माणूस कामाला लागला की आमचे मालक बिसेनभाऊ त्याला सगळीकडे फिरवायचे आणि शेवटी खिडकीजवळच्या टेबलाकडे हात करून म्हणायचे, "ह्या आमच्या टेंभरे मॅडम. प्रोग्राम एक नंबर लिहितात. फक्त भेतात बहुत."

सगळे हसायचे. नलूताईही हसायच्या, पण त्यांचे डोळे हसायचे नाहीत.

दुकान तुमसरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. राइस मिलला लागणारी कंट्रोल पॅनल आम्ही बनवायचो. पत्र्याचं कपाट, आत वायरिंग आणि एक छोटा कॉम्प्युटर, बाहेर स्क्रीन. कपाट आणि वायरिंग बाकीचे करायचे. त्या कॉम्प्युटरनं काय करायचं हे लिहिणारे आम्ही दोघंच, नलूताई आणि मी. त्या सिहोऱ्याहून रोज बसनं यायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक, केस करकचून मागे बांधलेले. बस पूर्ण थांबल्याशिवाय त्या जागेवरून उठायच्या नाहीत, त्यामुळे कंडक्टर रोज चिडायचा. दुकानात पोचल्यावर आधी घरी फोन करून वहिनीला विचारायच्या, "गॅस बंद केला ना? जाऊन पाह्यलं का तसंच सांगून राहिली?"

त्यांचा एक प्रश्न आम्हाला सगळ्यांना पाठ झाला होता. मी काहीही लिहून दाखवलं, अगदी साधं दिवा लावायचं काम असलं, तरी त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, "अन् दोघं एकाच वेळी आले तं?"

त्याचा अर्थ सांगायला हवा. एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी वेगवेगळी कामं चालू असतात. त्या प्रत्येक कामाला आम्ही थ्रेड म्हणतो. एक थ्रेड बटणांवर लक्ष ठेवतो, दुसरा मोटर सांभाळतो, तिसरा स्क्रीनवर आकडे दाखवतो. जोवर प्रत्येक जण आपापलं पाहतो तोवर काहीच अडत नाही. दोन थ्रेड एकच आकडा बदलायला गेले की मात्र काय होईल, ते सांगता येत नाही. हजार वेळा नीट चालेल आणि एकदा बिघडेल. आणि बिघडेल तेव्हा पाहायला कोणी नसेल.

नलूताईंची ते तपासायची रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. त्या दोन थ्रेडचे दोन कागद छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. डाव्या हाताचं बोट एका कागदावर, उजव्याचं दुसऱ्यावर. डावं बोट एक ओळ खाली यायचं आणि थांबायचं. मग उजवं दोन ओळी. मग पुन्हा डावं. ओठ हलत असायचे. मध्येच दोन्ही बोटं थांबायची आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा, की कोणी तरी दार ढकलून आत आलंय. तेवढा वेळ आम्ही कोणी त्यांना हाक मारत नसू.

एकदा चहाच्या वेळी मी गमतीनं विचारलं, "ताई, एवढं कायले भेता तुम्ही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या बाबाले बीपीची गोळी होती," त्या म्हणाल्या. "सकाळची एक. दिली की कॅलेंडरवर रेघ मारायची, असं आमचं ठरलं होतं. एक दिवस मी पाह्यलं, रेघ नाही. गोळी दिली अन् पेन शोधाले अंदर गेली. तेवढ्यात दादा वावरातून आला. त्यानंही पाह्यलं, रेघ नाही. त्यानं पण दिली."

"मंग?"

"मंग बाबा आंगणात खाली बसले, अन् बसल्या जागी आडवे झाले. भंडाऱ्याले नेलं. वाचले." त्यांनी कप पुन्हा उचलला. "दादाचंही चुकलं नाही, माझंही नाही. दोघांनी पाहूनच दिली. मधात फक्त पेन शोधाचा वेळ होता."

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. पण घाबरायलाही शिकलो नाही. ते पुढं शिकलो.

गावाबाहेरच्या एका मिलचं पॅनल आम्ही करत होतो. उकडा तांदूळ करणारी मिल. तिथं धान, म्हणजे सालासकटचा तांदूळ, वाळवायची एक उंच टाकी होती. तिच्या तळाशी लांबलचक लोखंडी स्क्रू, तो फिरला की धान पुढं ढकललं जातं. ओलं धान टाकीच्या भिंतीला चिकटून बसायचं, म्हणून दर दोन दिवसांनी दुपारी दोन माणसं आत उतरून ते खरवडून काढायची. एक जण वरच्या झाकणातून शिडीनं, दुसरा खालच्या दारातून. दोन्ही दारांजवळ बटणं बसवली. आत जाताना हिरवं दाबायचं, त्याचा दिवा लागणार; बाहेर आल्यावर पिवळं, मग तो विझणार. हिरवं दाबलं की आत किती माणसं आहेत तो आकडा एकनं वाढणार, पिवळं दाबलं की एकनं कमी होणार. आकडा शून्य झाला की मिल समजणार, टाकी रिकामी आहे. मग भोंगा वाजणार आणि स्क्रू आपोआप सुरू होणार.

हा प्रोग्राम मी लिहिला. नलूताई तेव्हा वहिनीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. मिलच्या शेटजींना घाई होती, बिसेनभाऊंनाही होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. पहिल्यांदाच काम माझ्या एकट्याच्या हातचं होतं. दोन दारांसाठी मी दोन थ्रेड केले. प्रत्येकानं आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. वर्षभर ते पॅनल बिनतक्रार चाललं.

एक दिवस शेटजींचा फोन आला. हसत होते. "अबे, तुमचा कॉम्प्युटर येडा झाला का? टाकीत उणे एक माणूस दाखवून राहिला. उणे एक माणूस कसा दिसते बे?"

मीही हसलो. जाऊन पाहिलं, स्क्रीनवर खरंच उणे एक होतं. कोणीतरी पिवळं बटण दोनदा दाबलं असेल, असं मी ठरवून टाकलं. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, आकडा शून्याच्या खाली गेला तर शून्य करायचा. पाच मिनिटांचं काम. दुकानात येऊन सगळ्यांना तो किस्सा ऐकवला.

नलूताई हसल्या नाहीत. "ते दोन थ्रेड छापून दे मले," म्हणाल्या.

मी कागद दिले आणि माझ्या कामाला लागलो. दुपार होती. थोड्या वेळानं लक्षात आलं, त्यांच्याकडून कागदाचा आवाज येत नाहीये. मान वळवून पाहिलं. त्यांची दोन्ही बोटं दोन कागदांवर एकाच ओळीवर थांबली होती.

"अनिल," त्या म्हणाल्या, "वरचा माणूस हिरवं दाबते. थ्रेडनं आकडा वाचला. शून्य. तो एक लिहिनच, पण लिहाच्या आधी खालच्यानं दाबलं. त्याच्या थ्रेडनंही शून्यच वाचला. मंग यानं एक लिहिला, त्यानंही एकच लिहिला. आत दोघं, अन् आकडा एक."

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"आता एक जण बाहेर आला. आकडा शून्य. दुसरा आतच आहे." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "तू म्हनते उणे एक. अरे, तो दुसरा बाहेर निंगाला म्हणून उणे एक झालं. तो निंगाला नसता तं शून्यच दिसलं असतं. अन् आता तं तू उणे एकही दिसू देत नाही."

मी कागद ओढून घेतले आणि त्या ओळी पुन्हा वाचल्या. त्या म्हणत होत्या तसंच होतं. 

"आज टाकी साफ कराचा दिवस आहे ना?" त्यांनी विचारलं.

होता. मी शेटजींना फोन लावला. वाजत राहिला. मिलमध्ये मशीन चालू असली की फोन कोणाला ऐकू येत नाही. ऑफिसचा लावला, तोही वाजत राहिला. नलूताई तोवर चप्पल घालून दाराशी उभ्या होत्या. माझ्या मोटरसायकलवर त्या कधीच बसल्या नव्हत्या. माझं चालवणं त्यांना पसंत नव्हतं. त्या दिवशी बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी पयव लवकर."

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपतच नव्हती. नलूताई उतरून फाटकाच्या दांड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या. मी डबे मोजायला लागलो आणि सोडून दिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो स्क्रू येत होता. पॅनल बसवताना मी तो रिकामा फिरताना पाहिला होता. पोतंभर धान तो क्षणात ओढून नेतो.

मिलमध्ये शिरल्याबरोबर नलूताई कोणाला काही न विचारता पॅनलकडे गेल्या आणि त्यांनी मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. सगळी मिल एकदम गप्प झाली. इतकी गप्प की छतावरच्या पारव्यांचा आवाज यायला लागला. मग सगळीकडून ओरडा सुरू झाला. शेटजी धावत आले. "कोनं बंद केलं? तिकडं धान अर्ध्या वाफेवर आहे माझं! सडन ना पूर्ण!"

"आत कोण आहे?" नलूताई म्हणाल्या.

टाकी खरवडणारे दोघं बाहेर आले, खालच्या दारातून परसराम, वरच्या झाकणातून देवाजी. दोघंही कोंड्यानं माखलेले, दोघंही धडधाकट. बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रीनवर आकडा होता, दोन. बरोबर होता.

शेटजींनी आम्हाला जे बोलायचं ते बोलून घेतलं. बिसेनभाऊंना फोन करून त्यांनाही बोलले. नलूताई मान खाली घालून ऐकत राहिल्या.  सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेटजी, टाकी रिकामी झाली की मले एक दिवस द्या. तवपर्यंत कोणाले आत जाऊ देऊ नका. हात जोडते."

का कोण जाणे, शेटजींनी तो दिवस दिला. 

ठरलेल्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी होती. नलूताईंनी एका पोत्यात कोंडा भरायला लावला आणि ते पोतं स्वतः खालच्या दारातून काठीनं स्क्रूवर ढकललं. वरच्या बटणापाशी देवाजी, खालच्या बटणापाशी परसराम, दोघंही टाकीच्या बाहेर. नलूताई मध्ये उभ्या राहून म्हणायच्या, "हं, आता!" दोघं एकदम हिरवं दाबायचे. मी स्क्रीनवरचा आकडा वाचायचा. दोन. मग दोघं एकामागून एक पिवळं दाबायचे. शून्य. भोंगा वाजायच्या आत मी लाइन बंद करायची. पुन्हा पहिल्यापासून.

दोन. दोन. दोन. तास गेला. देवाजी कंटाळला. शेटजी खुर्चीवर बसून फोन पाहायला लागले. आमच्यासोबत आलेले बिसेनभाऊ माझ्या कानात म्हणाले, "मॅडमले म्हण, पुरे आता." मलाही मनातून वाटायला लागलं होतं की नसेलच तसं काही. वाटायला लागलं होतं म्हणण्यापेक्षा, तसंच असावं अशी मी मनात विनवणी करत होतो.

"हं, आता!"

एक.

मी पुन्हा पाहिलं. दोन्ही हिरवे दिवे लागले होते. आकडा एक.  मी नुसतं एक बोट वर केलं. नलूताईंचा चेहरा पांढरा पडला. इतका वेळ त्याच गोष्टीची वाट पाहत होत्या, पण ती आलेली त्यांना बघवेना.

"देवाजी," त्या म्हणाल्या, "समजा, तुम्ही बाहेर आले. पिवळं दाबा. अनिल, लाइन बंद नको करू."

देवाजीनं दाबलं. शून्य. परसरामचा हिरवा दिवा तसाच चालू. भोंगा वाजला, आणि स्क्रू फिरला. दारातून आम्हाला ते पोतं दिसत होतं. ते आधी उभं राहिल्यासारखं झालं, मग वाकलं आणि फाटत फाटत आत गेलं. मी मेन ओढला तेव्हा दारातून कोंड्याची धूळ तेवढी बाहेर येत होती.

 परसराम आधी उभा होता, मग भिंतीला टेकला, मग खाली बसला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "थ्या उणे एकच्या दिवशी. देवाजी पानी प्यायले बाहेर गेलता. मी एकटाच होतो अंदर. भोंगा वाजला. मले वाटलं, बाजूच्या मिलचा हाय." तो ओठांवरून जीभ फिरवत राहिला. "अन् तेवढ्यात लाइट गेली. गावाचीच गेलती. अंधार झाला म्हनून मी बाहेर आलो. पिवळं दाबलं."

पॅनलला बॅटरी होती, म्हणून तिनं आकडा मोजला. उणे एक.

शेटजींनी विचारलं, "हे लिहिलं कोनं?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी नलूताई म्हणाल्या, "आमच्या दुकानानं."

दुरुस्ती तशी लहान होती. एक थ्रेड आकड्याला हात लावत असेल तेवढा वेळ दुसऱ्यानं थांबायचं, याला आम्ही कुलूप म्हणतो. चार ओळी. त्या नलूताईंनी माझ्याकडून लिहून घेतल्या, आणि मी लिहीत असताना त्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. माझी ती शून्यवाली ओळ त्यांनी काढून टाकायला लावली आणि तिच्या जागी लिहायला लावलं की आकडा चुकीचा दिसला तर सगळं बंद पडलं पाहिजे. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बाजारातून दोन खरी कुलपं आणली. आत जाणाऱ्यानं मेनच्या दांड्याला आपलं कुलूप लावायचं आणि चावी खिशात घालून आत जायचं. "कॉम्प्युटरच्या भरवशावर कोणी आत जाचं नाही," त्या परसरामला म्हणाल्या. "मी लिहिलं असलं तरी नाही."

तोच प्रोग्राम आणखी पाच मिलमध्ये गेला होता. बिसेनभाऊ म्हणाले, सर्व्हिसिंगला जाऊ तेव्हा बदलून देऊ, तोवर फोन करून सांगू, दोघांनी संगं बटण दाबू नका म्हणा. नलूताई म्हणाल्या, "अन् दाबलं तं?" त्यांनी वहीतून पाच मिलची नावं उतरवून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी बसनं निघाल्या. दोन ठिकाणी मी सोबत गेलो. आणखी दोन त्यांनी एकटीनं केल्या. पाचवी मिल बंद पडली होती. यंत्रं विकली गेली होती, पॅनलसुद्धा. कोणाला विकलं ते चौकीदाराला ठाऊक नव्हतं. एक ट्रक आला होता, एवढंच तो सांगू शकला.

त्यानंतर नलूताई दुकानात फार दिवस राहिल्या नाहीत. "लिहाले बसली की हात कापतात," एवढंच म्हणाल्या. साकोलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागल्या, खोलीही तिथंच घेतली. फोन व्हायचे, मग तेही कमी झाले.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मी साकोलीला गेलो होतो. परतीच्या बससाठी स्टँडवर उभा असताना त्या दिसल्या. आणखी बारीक झाल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात एक फोटो. आमच्या पॅनलचाच फोटो होता, रंग आणि स्क्रीनची जागा ओळखू यावी म्हणून छापून घेतलेला.

"सापडलं का ताई?"

"नाही ना. कोणी म्हणते आमगावकडं गेलं, कोणी म्हणते बालाघाटकडं. दोन्हीकडं जाऊन आली."

"आता तं ते भंगारात गेलं असन."

"असन." त्यांनी फोटो सरळ केला. "पण चालून राहिलं असन तं?"

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच विचारायचं म्हणून. "तू कायले नाही येत रे मंग संगं?"

काम असतं, असं मी म्हणालो. ते खरं नव्हतं. मला भीती वाटते. पॅनल सापडणार नाही याची नाही, सापडेल याची. एखाद्या मिलच्या दाराशी जाऊन मी फोटो दाखवीन आणि तिथला माणूस म्हणेल, हो, होतं इथं, पण आमच्या एका माणसाचं असं असं झालं, म्हणून काढून टाकलं. ते वाक्य ऐकायची माझ्यात हिंमत नाही. नलूताई दर सुट्टीला तेच वाक्य ऐकायची तयारी करून घरून निघतात. आणि आम्ही सगळे त्यांनाच भित्र्या म्हणायचो.

त्यांची बस आली. सगळे चढेपर्यंत त्या खाली थांबल्या, मग चढल्या. खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक माणूस बसला होता, भुवयांवर आणि कानांवर कोंड्याची धूळ, कामावरून थेट आलेला. नलूताई त्याच्याकडे वळल्या. त्यांनी फोटो पुढं केला आणि काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणाला असावा. मग फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि खिडकीबाहेर रस्त्याकडे बोट करून काहीतरी सांगू लागला. नलूताई उठून उभ्या राहिल्या. बस तेवढ्यात सुटली, तरी त्या उभ्याच होत्या.